दुपट्टा बांधला की पेपर सुरू

मेडशी
रविवार, दुपार

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम.

जगदेवकाका उद्या पुण्याला परत निघणार आहेत, त्यांच्याजवळ ही चिठ्ठी देते आहे. सोबत आजीनं मुंगवड्यांची पिशवी दिली आहे आणि आईनं लोणच्याची बरणी. बरणीचं झाकण दोरीनं बांधलं आहे, ते तुम्हीच सोडा, खोलीवरच्या मंडळींच्या हाती आधी देऊ नका, नाहीतर तुमच्या वाट्याला नुसता खार येईल. फोन असताना हिला चिठ्ठी कुठून सुचली असं म्हणून तुम्ही हसाल. पण फोनवर तुमचं काय होतं ते मला माहीत आहे. "जेवली काय, आजी बरी हाय काय, ठेवतो मंग," एवढ्यात तुमचं बोलणं संपतं आणि वर सांगता की बॅलन्स नाही. बाबा, तो रिचार्ज मीच मारून दिला होता. तुम्ही दिवसभर बोललात तरी तो संपत नाही. म्हणून लिहायला बसले. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. घाईत वाचू नका. जेवण झाल्यावर गेटवरच्या वॉचमनच्या खुर्चीत निवांत बसा आणि मध्येच घडी घालून खिशात टाकू नका.

आधी घरची खबर सांगते. सोयाबीन पेरून झालं, मध्ये तुरीच्या ओळी आहेत. आई ट्रॅक्टरवाल्याच्या मागंमागं चालत होती, ओळ जरा वाकडी झाली की तुमच्यासारखीच बांधावरून ओरडत होती. बकरीला दोन पिल्लं झाली, दोन्ही पाठी. आजीचा गुडघा दुखतोच, पण बकरीच्या मागं पळताना दुखत नाही. सगळं ठीक आहे, फक्त तुम्ही नाही. जगदेवकाकांना पेरणीसाठी रजा मिळते आणि त्याच ठेकेदाराकडे, त्याच गेटवर काम करून तुम्हाला मिळत नाही, हे गणित मला सुटत नव्हतं. आता सुटलं आहे. जगदेवकाकांनी सोडवून दिलं. ते काय म्हणाले तिथपर्यंत यायचं आहे मला, पण एकदम येता येणार नाही. तुम्ही वाचत राहा.

माझं पोट पुन्हा दुखायला लागलं आहे. घाबरू नका, दवाखान्याचं दुखणं नाही, आपलं जुनंच, पेपरच्या आधीचं. दुसरीत असताना बाईंनी पाढे म्हणायला उभं केलं आणि बाराचा पाढा म्हणता म्हणता मी वर्गातच ओकले होते, आठवतं ना? घरी तोच पाढा मी उलटा म्हणून दाखवायची. आजीनं मला आधी जंताचं औषध पाजलं, मग ओव्याचं पाणी पाजलं. मग तिनं निकाल दिला, "हे पोट्टी सकायी उपाशी जाते, म्हून होते असं." पुढच्या परीक्षेला तिनं मला दूध-भाकर पोटभर खाऊ घालून पाठवलं, आणि ती सगळी दूध-भाकर त्या दिवशी बाईंच्या टेबलावर गेली. आई म्हणायची, अभ्यास कमी पडत असेल. बाई म्हणायच्या, पोरगी हुशार आहे पण भित्री आहे. मला नेमकं काय होतं, हे मात्र कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलं. तुम्ही अंगणात विळ्याला धार लावत होता. मी सांगितलं की पेपर हातात आला की हात गार पडतात आणि जे येत असतं ते सगळं निघून जातं. तुम्ही विळा बाजूला ठेवला आणि म्हणालात, "मंग पयले पेपराकडे पाहूच नको. माह्याकडे पाह्य. मी निंबाखाली उभा राह्यतो."

आणि खरंच राहिलात. आपल्या शाळेच्या खिडकीसमोरचा तो निंब, आणि खाली तुम्ही, हाताची घडी घालून, खांद्यावर निळा दुपट्टा. पेपर वाटले की मी आधी तुमच्याकडे बघायची. तुम्ही काहीच करायचा नाही, नुसते बघायचा, जसं काही तुम्हाला दिवसभर दुसरं कामच नाही. पोटातलं जरा खाली बसलं की मी मान हलवायची. मग तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा काढून डोक्याला बांधायचा, रानात जाताना बांधता तसा, आणि कामाला निघून जायचा. दुपट्टा बांधला की पेपर सुरू, हा आपला कायदा. चाचणी असो की सहामाही, तो कधी मोडला नाही. लोक हसायचे. "देवमनच देते काय परीक्षा," म्हणायचे. तुम्ही त्यांनाही हसून दाखवायचा. पोरीच्या पेपरासाठी मजुरीला उशिरा येणारा माणूस म्हणून मुकादमानं तुमचं नाव ठेवलं होतं, ते मला खूप नंतर कळलं.

नववीत एकदा मी घरी येऊन सांगितलं की घटक चाचणीला अर्ध्या वर्गानं गाईडची पानं फाडून आणली होती आणि मलाही एकीनं पान दिलं होतं. मी ते घेतलं नाही, हे सांगायच्या आधीच तुमचं तोंड उतरलं. तुम्ही म्हणालात, "नापास झाली त चालते. पुढच्या वर्षी बसजो. पन कॉपीची पास मले नको. पुस्तकानं आपल्याले इथवर आनलं, अन् त्याचीच पानं फाडाची काय?" मी ते वाक्य कंपासपेटीच्या झाकणात पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. पुसट झालं आहे, पण अजून वाचता येतं. हे आता का आठवण करून देते आहे ते तुम्हाला कळलं असेल.

दहावीत हरीओम सर गणिताला आले. सरांना माझं पोटाचं प्रकरण लगेच समजलं. ते सगळ्यांना सांगायचे, पेपर हातात आला की आधी पेन खाली ठेवा. येणारा प्रश्न शोधा, तो शेवटच्या पानावर असला तरी चालेल, तिथून सुरू करा. अवघड दिसला तर त्याच्याशी भांडत बसू नका, पुढं जा, परत येताना तो निम्मा झालेला असतो. सराव परीक्षाही ते दर वेळी वेगळ्या खोलीत घ्यायचे, एकदा तर रस्त्याकडच्या ओसरीत बसवलं, समोरून ट्रॅक्टर जात होते. म्हणायचे, जागेची सवय मोडा. आणि दिवाळीनंतर एकदा मला थांबवून म्हणाले, "पौर्णिमा, बोर्डाच्या सेंटरवर निंब नसन. आता बाबाशिवाय बसायचं शिक." मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही भाकर मोडता मोडता हसलात. "सराले म्हना, निंब नसन त बाभूळ असन." आपण सगळे हसलो. आजी तर ठसका लागेपर्यंत हसली. बाबा, मला आजवर ज्याचा सगळ्यात जास्त पश्चात्ताप झाला आहे तो त्या हसण्याचा. सर बरोबर सांगत होते आणि आपण दोघांनी ते कानाआड केलं. मला तुमची सवय हवी होती आणि तुम्हाला माझी.

केंद्र आलं ते बाहेरगावचं. माझी खोली मागच्या बाजूला, खिडकीबाहेर थोडी मोकळी जागा आणि मग भिंत. भिंतीपलीकडे खरोखरच बाभूळ होती. मराठीच्या पेपरला मी खिडकीतून पाहिलं तर भिंतीवरून तुमचं डोकं आणि खांदे दिसत होते, बाभळीखालच्या दगडांच्या ढिगावर उभे होता तुम्ही. मी मान हलवली, तुम्ही दुपट्टा बांधला, गेलात. इंग्रजीला तसंच. पण इंग्रजीला त्या भिंतीवर तुम्ही एकटे नव्हता. कोणाचे काका, कोणाचे भाऊ, चिठ्ठ्यांचे बोळे आत फेकत होते, आणि त्यांच्या गर्दीत माझे बाबा रिकाम्या हातानं उभे होते. तेव्हाच मला वाटलं होतं, तुम्हालाही त्यांच्यातच धरतील. मी घरी बोलले नाही. मला वाटलं, बोलले तर तुम्ही यायचं बंद कराल.

बीजगणिताच्या दिवशी दगडांचा ढीग नव्हता. भिंतीपाशी होमगार्ड उभे केले होते. इंग्रजीच्या गोंधळाची बातमी वर गेली होती म्हणे. मी बघितलं तर नुसती भिंत आणि बाभळीचा शेंडा. हात गार पडले. पेपर वाटले गेले, माझ्यासमोर आला, आणि वर्गसमीकरण म्हणजे काय हेसुद्धा मला आठवेना. सरांनी सांगितलं होतं तसं मी पेन खाली ठेवलं, पण नजर पेपरावर जाईचना, ती खिडकीलाच चिकटून होती. आणि मग निळं काही तरी हललं. तुम्ही बाभळीवरून भिंतीवर चढला होता. एक पाय आत, एक बाहेर. शर्टाची बाही फाटली होती. तुम्ही मला शोधत होता, आणि दिसले तेव्हा हात वर केलात.

होमगार्डनं तुमचा आतला पाय धरून खाली ओढलं. त्याच वेळी भरारी पथक मागच्या मोकळ्या जागेत आलं होतं. होमगार्ड म्हणाला, "साहेब, हा इशारे करून राह्यला भितीवून." तुमचे खिसे उलटे केले. तंबाखूची पुडी निघाली आणि माझ्यासाठी आणलेल्या लिमलेटच्या गोळ्या. पथकातल्या साहेबांनी विचारलं, "कोणासाठी आलास? इथं कोण आहे तुझं?" आणि उत्तराची वाट न बघता तुमच्या तोंडात मारली. सगळी खोली खिडकीकडे बघत होती. पर्यवेक्षक बाई "पेपर बघा, पेपर बघा" म्हणत होत्या आणि स्वतः बाहेर बघत होत्या. मी बाकावरून अर्धी उठले होते, बाबा. मी खरंच उठले होते. तुम्ही ते पाहिलंत. आणि तुम्ही माझ्यावरची नजर काढून घेतलीत आणि मोठ्यानं म्हणालात, "माह्यं इथं कोनी नाई साहेब."

साहेब म्हणाले, मग पैसे घेऊन कॉप्या पुरवतोस का. तुम्ही गप्प राहिलात. तुमचं गप्प राहणं त्यांनी हो धरलं. एक हात त्यांनी पाठीमागं पिरगाळून धरला होता. मोकळ्या हातानं तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा ओढला आणि डोक्याला गुंडाळायला लागलात. एका हातानं गाठ बसत नव्हती, दुपट्टा तोंडावर येत होता. त्यांना वाटलं, हा तोंड लपवतो आहे. कोणी तरी मोबाईल काढून ते टिपलं. तिथं एवढी माणसं होती, पण तुम्ही काय सांगत होता ते मला एकटीलाच कळलं.

आणि मी खाली बसले. पेन उचललं आणि लिहायला लागले. हे मला अजून उमजत नाही. हात गार नव्हते, पोट दुखत नव्हतं, सगळं आपोआप येत होतं. तेवढ्या शांतपणे मी आयुष्यात पेपर लिहिला नाही. बाहेर माझ्या बापाला धरून नेत होते आणि मी आलेख कागदावर पट्टी ठेवून रेघ मारत होते. मला त्या शांतपणाची चीड येते. रडू आलं असतं, पेपर कोरा राहिला असता, तर निदान तुमच्या वाट्याचं काही तरी मी सोसलं असतं असं वाटलं असतं. उठून "हे माझे बाबा आहेत" एवढं म्हटलं असतं तर त्यांनी मला डिबार केलं असतं, कदाचित नसतंही केलं. हे तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही. तुम्ही डाव माझ्या बाजूनं टाकलात आणि मी तो घेतला.

त्यांनी तुम्हाला कसं सोडलं ते मला अजून माहीत नाही, पण त्या दिवशी तुम्ही माझ्यामागच्या एसटीनं आलात, हातात टरबूज घेऊन. आईनं तुमच्या हातावरचे ओरखडे बघितले तर म्हणालात, बाभूळ तोडत होतो. आई सुईनं काटे काढत बसली. तुम्ही मला विचारलंत, "पेपर कसा गेला?" मी म्हणाले, चांगला. तुम्ही मान हलवलीत आणि टरबूज कापायला घेतलंत. एवढंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण एकमेकांकडे न बघता बोललो. मला वाटलं, आता बोलू, उद्या बोलू, परीक्षा झाली की बोलू. भूमितीला तुम्ही आलाच नाहीत. मी बाकाखाली रुमालाला एक गाठ मारली आणि पेपर सुरू केला. जमलं. हे तुम्हाला सांगायची मला भीती वाटत होती. तुम्हाला वाटेल, आता हिला माझी गरज नाही, आणि मग पुण्याहून यायला आणखी एक कारण कमी होईल.

जयंतीच्या आधी तुम्ही पुण्याला गेलात. "काम निघालं," म्हणालात. दर वर्षी विहारासमोर माइकवर पोरांची नावं तुम्हीच पुकारता, एकही नाव न विसरता, आणि बक्षिसाच्या वह्या वाटता. या वर्षी ते काम दुसऱ्यानं केलं आणि दोन पोरांची नावं राहिली. मिरवणूक आपल्या दारावरून गेली तेव्हा आजी ओट्यावर बसून म्हणाली, "जयंतीले घरी नाई असा तुहा बाप मी कधी पाह्यला नोता." तोवर तो व्हिडिओ गावात सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन गेला होता. खाली लिहिलं होतं, कॉपी पुरवणारा ताब्यात. अर्धं तोंड दुपट्ट्यात होतं, पण आपल्या माणसाला ओळखायला गावाला अर्धंच पुरतं. आमच्या तोंडावर कोणी काही बोललं नाही. आईनं तिच्या मोबाईलमधून तो काढून टाकला आणि जसं काही सगळ्या जिल्ह्यातून काढला अशा समाधानानं भाकरी करायला गेली. आपल्या घरात त्या दिवसाचं नाव कोणीच काढत नाही. आई काढत नाही कारण तुम्ही काढत नाही, तुम्ही काढत नाही कारण मी काढत नाही.

मग निकाल लागला. शाळेत पहिली आले ते तुम्हाला फोनवर सांगितलंच. बीजगणितात एकच मार्क गेला हे सांगितलं नव्हतं. तो पहिल्या प्रश्नातला, सगळ्यात सोप्यातला. खिडकीबाहेर तुम्हाला मारलं तेव्हा तो माझ्यासमोर होता. हरीओम सर म्हणाले, फोटोकॉपी मागवू, कदाचित तपासताना चूक झाली असेल. मी म्हणाले, नको सर, माझाच चुकला आहे.

जयंती मंडळानं विहारात माझा सत्कार ठेवला. तुम्ही म्हणालात रजा नाही. तेव्हाच मी ठरवलं होतं की माइक हातात आला की सांगायचं. तो व्हिडिओतला माणूस माझे बाबा आहेत, त्यांच्या खिशात गोळ्या होत्या, आणि ते दुपट्टा का बांधत होते. एवढी वाक्यं मी पाठ केली होती, गोठ्यात बकरीला म्हणून दाखवली होती. अख्खं गाव बसलं होतं. माझ्या हातात माइक दिला. आणि बाबा, हात गार पडले. पोटात तेच. मी खिडकीकडे बघितलं, बाहेर विजेचा खांब होता. पाठ केलेलं सगळं निघून गेलं. मी म्हणाले, "सर्वांची आभारी आहे," आणि खाली बसले. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. बोर्डाच्या पेपरात मी पास झाले, पण या पेपरात मी नापास झाले, आणि याचा निकाल कुठं लागत नाही म्हणून तो फक्त मलाच माहीत होता. आता तुम्हालाही कळला.

परवा जगदेवकाका घरी आले होते. आईनं त्यांना सहज विचारलं की यांना रजा काहून नाही. काका चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "त्यानं मागतलीच नाई वहिनी." आणि तुम्ही तिकडं काय बोललात ते सांगितलं. "मी पोरीच्या बाजूले उभा राह्यलो त लोक म्हनतीन, हाच थो कॉपीवाला. मंग तिचे मार्क काळे होतीन. ते कॉलेजात लागेपरंत मी इकडेच बरा." आई पदर तोंडाला लावून आत गेली. मला रडू नाही आलं, राग आला. तुमचा आला. गेटवर बसून तुम्ही रोज "माह्यं इथं कोनी नाई" म्हणता आहात, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही. माझे मार्क कशानं काळे होतात ते तुम्हीच शिकवलं आहे. गाईडचं पान मी घेतलं नाही. पण तुम्ही माझ्यासाठी जे खोटं बोललात ते मी अजून जवळ बाळगते आहे, चिठ्ठीसारखं लपवून, आणि ते माझ्या प्रत्येक मार्काला लागलं आहे.

आता ही चिठ्ठी का लिहिली ते सांगते. पुढच्या रविवारी वाशिमला माझी आणखी एक परीक्षा आहे. अकरावी-बारावीची शिकवणी आणि राहणं फुकट मिळतं, त्या निवडीची. परवा हॉल तिकीट निघालं, तेव्हापासून पोट दुखतं आहे. लागले तर दोन वर्षं घराबाहेर राहायचं आहे, आणि मला असं मनात ठेवून जायचं नाही. पुण्याची ट्रॅव्हल्स सकाळी वाशिमला सोडते, तिनं या. भिंतीवर चढू नका. मी काल जाऊन जागा बघून आले. गेटच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे एक पानठेला आहे, तिथं उभं राहायला कोणाची मनाई नाही. आतून तुम्ही दिसणार नाही. दिसायला नकोच, मी रुमालाला गाठ मारीन. तुम्ही त्या दिवशी दुपट्टा बांधू नका, तो खांद्यावरच राहू द्या, तोंड उघडं असू द्या. पेपर सुटेपर्यंत कुठंही जाऊ नका. अशा ठिकाणी बाकी पोरांचे आईबाप असतातच, वेळ जात नाही म्हणून ते एकमेकांना विचारतात. तुम्हालाही कोणी तरी विचारील, "काहो, इथं कोन हाय तुमचं?" त्याला माझं नाव सांगा. पूर्ण सांगा.

तुमचीच,
पौर्णिमा देवमन खंडारे